काकांची फाइल

परवा वीकेंडला बुलढाण्याला गेलो, तर काका फाइल घेऊन तयारच! ईपीएस-९५ची पेन्शन वाढवायला केस टाकायची म्हणे. गेलो वकिलांकडे. त्यांनी आधी तारीखच विचारली.

"काका, रिटायर कधी? जादा पगारावर पेन्शनचा पर्याय भरलेला?"

२०१३. नाही.

"मग सुप्रीम कोर्टाच्या नोव्हेंबर २०२२च्या निकालात तुम्ही बसत नाही. १ सप्टेंबर २०१४च्या आधी रिटायर झालेल्यांनी पर्याय दिलेला नसेल, तर नाही. पैसे घालवू नका."

फीसुद्धा घेतली नाही. आम्ही क्लायंटला 'होणार नाही' सांगायला तीन मीटिंगा घेतो!

बुलढाण्यात २०१८ साली किमान पेन्शन ७,५०० रुपये करा म्हणून साखळी उपोषण सुरू झालं, त्यात काकाही बसलेले. गाडीवर मागून म्हणाले, "मंग उपोषणालेच बसतो आता."

मला काहीच बोलता आलं नाही.