कुणाची अक्कल?

आमच्या घरी रविवारी दुपारी एक बैठा खेळ रंगतो. एकानं सूत्रधार होऊन गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तीतली पात्रं व्हायचं. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नावानं तो १९७४ साली अमेरिकेत निघाला. बळ, बुद्धी, मोहिनी असे पात्राचे सहा गुण. जुन्या रीतीनं तीन फासे टाकायचे आणि ३ ते १८ जे पडेल ते गोड मानून घ्यायचं.

माझ्या योद्ध्याच्या वाट्याला बुद्धी आली ६. त्याच्या तोंडी मी एक नामी युक्ती घातली, तशी सूत्रधार झालेली माझी कन्या म्हणाली, "बाबा, हे तुम्हांला सुचलं. त्याला कसं सुचेल?" व्याख्यानांवर पोट भरणाऱ्या माणसाला गप्प बसवायची ही तऱ्हा काही औरच!

खरी पंचाईत तिच्या मित्राची. मुलगा बोलताना अडखळतो, आणि त्याच्या राजदूताची मोहिनी १७! वेशीवरच्या पहारेकऱ्याला वळवायचं होतं. मी म्हटलं, "बोलून दाखव की." कन्या कडाडली, "तुम्हांला कुणी तलवार चालवून दाखवायला सांगतं का?"

बिनतोड! पण १९७५ च्या पुरवणीत चोराचं पात्र आणि त्याच्या कसबाची टक्केवारी आली, तेव्हापासून फासा खेळणाऱ्याच्या डोक्यावर बसत चालला आहे. सगळं तोच बोलणार, तर माणसं जमवायची कशाला? माझ्या मते बोलण्याची ऐट पात्राची असावी, मुद्दा मात्र खेळणाऱ्याचा.

मुलगा सावकाश म्हणाला, "त्याला विचारीन, जेवलास का?"

वीस बाजूंचा फासा पडला २. वेस बंदच राहिली. पहारेकऱ्यानं भाकरी मात्र मागून घेतली.