पोच

'पोच' हा मोठा गमतीचा शब्द आहे. पत्र किंवा वस्तू मिळाल्याची पावती म्हणजे पोच. आणि कुठे कसे वागावे याचे भान, तीही पोचच. आमच्या बोरी अरबला पहिल्या अर्थाला फार जपतात. दारव्ह्याला अर्ज द्यायला निघाले, की बाबा मागून बजावतात, "पोच घेऊनच येजो!" दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख पडल्याशिवाय अर्ज दिला, असे ते धरीतच नाहीत.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. यंत्रांशी माझे फारसे सख्य नाही. परंतु संगणकालाही पोच लागते, हे दादाने सांगितले तेव्हा मी कान टवकारले. तो नोकरीत युनिक्सवर चालणारे संगणक सांभाळतो.

सीरियल लाइन म्हणजे एकेरी पायवाट. प्रत्येक अक्षराचे शून्य-एक होतात आणि ते एकामागून एक तारेतून जातात. वाटेत खरखर झाली, की एखादा बिट उलटतो. आस्की संकेतात '९' आणि '१' यांच्यात एकाच बिटचा फरक आहे. म्हणजे १९ क्विंटल कापसाचे ११ क्विंटल व्हायला तेवढी एक खरखर पुरे! तारेला मात्र त्याचे सोयरसुतक नसते.

मग उपाय काय? तार निर्दोष होण्याची वाट न पाहता लोकांनी बोलण्याची रीत सुधारली. बेल प्रयोगशाळेतील माइक लेस्क यांच्या कल्पनेतून निघालेली यूयूसीपी ही व्यवस्था १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर सर्वत्र गेली. तिच्यात फाइलचे लहान लहान तुकडे करतात. बहुधा ६४ बाइटचे. प्रत्येक तुकड्याला क्रमांक असतो आणि सोबत पडताळ्याचा आकडा. घेणारा तो आकडा स्वतः काढून पाहतो. जुळला तर पोच देतो. न जुळला तर 'पुन्हा पाठव' म्हणतो. काहीच उत्तर आले नाही, तर पाठवणारा थोडे थांबून तोच तुकडा पुन्हा पाठवतो. १९८१ साली कोलंबिया विद्यापीठात 'कर्मिट' निघाले, तेही याच रीतीचे; त्याचे नाव मात्र एका बाहुल्या-बेडकावरून ठेवलेले!

"पण पोचच वाटेत हरवली तर?" मी विचारले. दादा हसला. पाठवणारा तुकडा पुन्हा धाडतो. घेणारा क्रमांक पाहून ओळखतो, की हा आपल्याकडे आहे. तो जादा तुकडा टाकून देतो आणि न रागावता पुन्हा पोच देतो.

आपल्या देशात १९८६-८७ च्या सुमारास एर्नेट हे शैक्षणिक जाळे साध्या टेलिफोनच्या तारांवरच सुरू झाले. मुंबईची एनसीएसटी, बंगळूरची विज्ञान संस्था आणि आयआयटी त्यात होत्या. यूयूसीपीची डाक हीच त्याची पहिली सेवा. खरखरत्या तारांवरून विद्वानांची पत्रे शाबूत पोचत होती, ती या 'पोच' देण्याच्या शिस्तीमुळे.

हे ऐकताना मला बाबांचा अर्ज आठवत होता. अतिवृष्टीने कपाशी गेली, तेव्हा ते तीन वेळा एका कचेरीत गेले. "ठेवा तिथं, पाहतो," एवढेच उत्तर मिळाले. शिक्का नाही, नकारही नाही. नकार मिळाला असता तर निदान काय चुकले ते कळले असते, अर्ज दुरुस्त करून पुन्हा दिला असता. मौनाला मात्र दुरुस्ती नसते. चौथ्यांदा जा, असे आई म्हणाली, तर बाबा नुसतेच शेताकडे निघून गेले.

दादा म्हणतो, यंत्रही ठरावीक वेळा प्रयत्न करते; पलीकडून काहीच आले नाही, की संबंध तोडते. पण त्याची फाइल तशीच राखलेली असते आणि पुढच्या वेळी ते पुन्हा फोन लावते. बाबांच्या अर्जाची दुसरी प्रत मी ट्रंकेतून काढून ठेवली आहे. या सोमवारी ती घेऊन मी स्वतः दारव्ह्याला जाणार आहे. टेबलापलीकडच्या माणसाला पोच आहे की नाही, ते त्याने पोच दिली की कळेलच.