विचारलं कुणाला?

जयपूरला सोडाल्यात राहायला आले तेव्हा हवा सडकेपेक्षा शेजारणींची ओळख आधी झाली. गल्लीतली मोठी माणसं मुलीचं वय वर्षांत मोजत नाहीत, लग्नाआधीचं की नंतरचं असं मोजतात, हेही त्यांच्यामुळेच कळलं.

शेजारच्या दादीसांचं लग्न आखातीजेला झालं तेव्हा त्या १३ वर्षांच्या होत्या. १६व्या वर्षी मुलगा झाला. शारदा कायदा १९२९ सालीच झाला होता. तो आणणारे हरबिलास सारडा तर आमच्या या अजमेर रोडच्या दुसऱ्या टोकाचे, अजमेरचेच. त्यांच्या कायद्यानं मुलीसाठी किमान वय १४ ठरवलं, पुढं ते वाढतही गेलं. पण गावातल्या मांडवापर्यंत तो कायदा पोचला नाही.

गेल्या उन्हाळ्यात गल्लीतली १७ वर्षांची एक मुलगी रामनगर मेट्रो स्टेशनच्या जिन्यावर वर्गातल्या मुलाचा हात धरून बसलेली कुणाला तरी दिसली. दिवेलागणीपर्यंत गल्लीभर झालं. मुलीचा मोबाईल गेला, कोचिंग बंद झालं. मुलाला बापानं दोन थपडा मारल्या आणि प्रकरण मिटलं.

"एवढ्याशा वयात ही थेरं!" दादीसा म्हणाल्या.

"दादीसा, या वयात तुम्ही तर आई झाला होतात," मी म्हटलं.

त्या पापड वाळत घालता घालता थांबल्या. "मला कुणी विचारलं होतं का बेटा?"

हे वाक्य मनातून जाईना. त्यांच्या लेखी त्या निर्दोष होत्या, कारण त्यांना कुणी विचारलं नव्हतं. ही मुलगी दोषी, कारण तिनं स्वतः ठरवलं. खटकत होतं ते वय नव्हतंच.

हे काही राजस्थानचंच नाही. मुंबईच्या रखमाबाईंचं लग्न ११व्या वर्षी झालं. त्या नांदायला जाईनात, म्हणून नवऱ्यानं दावा लावला. १८८७ साली कोर्टानं सांगितलं, नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. शेवटी पैसे देऊन तडजोड झाली, आणि रखमाबाई पुढं डॉक्टर झाल्या. १८९१ साली संमतिवय १०वरून १२ करायचं ठरलं, तर केवढा गहजब झाला! परक्या सरकारनं आमच्या धर्मात पडू नये, असं टिळकांसारखे लोक म्हणत होते. वादात पुरुषांचे आवाज भरपूर होते. ज्यांच्या देहाचा प्रश्न होता, त्या मुलींना कुणी विचारलं नाही.

आपला कायदाही बराच काळ दादीसांसारखाच विचार करत होता. २०१२च्या पॉक्सोनं १८च्या आतल्या मुलीची संमती संमती म्हणून धरायची नाही असं ठरवलं. पण दंडविधानात नवऱ्यासाठी सूट होतीच: बायको १५च्या खाली नसेल तर गुन्हा नाही. म्हणजे १६ वर्षांच्या मुलीच्या बाबतीत मित्र बलात्कारी, आणि नवरा मात्र नवराच. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं ही मर्यादा १८वर नेली.

मुलांचं शोषण होतं आणि त्यासाठी कडक कायदा हवाच. पण एकमेकांच्या ओढीनं जवळ आलेली दोन मुलंही त्याच चरकात सापडतात. दिवस गेलेली मुलगी डॉक्टरकडे जायला घाबरते, कारण पोलिसांना कळवणं डॉक्टरला बंधनकारक आहे. कळवताना गर्भपातासाठी आलेल्या मुलीचं नाव उघड करायची सक्ती नाही, हे २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं. पण हे किती मुलींना ठाऊक आहे? सांगणार कोण? वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना 'समाजस्वास्थ्य'मधून उत्तरं दिली म्हणून र. धों. कर्व्यांवर १९३४ साली खटला चालला. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते, तरी दंड झालाच. आणि २००७ साली महाराष्ट्रानं शाळांतलं लैंगिक शिक्षण थांबवलं.

तरी काहीतरी हलतंय. महिन्याभरानं त्या मुलीची आई गच्चीवर माझ्याजवळ आली. म्हणाली, "मला माझ्या आईनं काही सांगितलं नाही. पाळी आली तेव्हा वाटलं, आता मरते. हिला सगळं सांगायचंय, पण शब्द कुठून आणू?"

आम्ही दोघी बराच वेळ शब्द शोधत बसलो. हिंदीत सापडायचे ते एकतर शिवीतले, नाहीतर दवाखान्यातले. मराठीतही माझ्याकडे फारसे वेगळे नव्हते. मग ती म्हणाली, "आधी तिलाच विचारते, तिला काय वाटतं ते." कोचिंग पुन्हा सुरू झालं. मोबाईल अजून आईच्याच कपाटात आहे.