ढोकीच्या स्टेशनावर एक कागद

लातूर-कुर्डुवाडी लाइनीवर ढोकी लागते. पूर्वी इथून बार्शी लाइटची छोटी गाडी धावायची. 2008 पर्यंत या लाइनीचे रूळ रुंद झाले. स्टेशन आणि तेरणा साखर कारखाना, एवढ्यावर गावाची ओळख. मधली बरीच वर्षे कारखान्याचे धुराडे थंड होते.

माझ्या बहिणीचे घर इथेच. या खेपेला उतरलो तर भाचा न्यायला आला होता. “जयभीम मामा” म्हणाला आणि पिशवी घेण्याआधीच खिशातून कागद काढला. आफ्रिकेतल्या खेड्यांत ग्रामविकासाच्या कामाला स्वयंसेवक पाहिजेत, नावनोंदणीचे चाळीस हजार भरा. घरी आलो तर बहिणीने गळ्यातली पोत काढून डब्यात ठेवलेली. मोडायला.

“तिथे जाऊन तू करणार काय?” मी विचारले. पोरगा गप्प. बी. ए. झालेला, तळमळीचा, पण बचत गटाची वही त्याने कधी उघडली नाही. मला तरी कुठे येते म्हणा.

त्याला म्हटले, संयुक्त राष्ट्रांचे स्वयंसेवक असतात, त्यांची नोंदणी फुकट होते. निवड झाली तर प्रवासखर्च, विमा आणि राहण्याखाण्याचा भत्ता तेच देतात. अठरा ते सव्वीस वयाच्या तरुणांसाठी वेगळ्या जागा असतात. पण माणूस घेताना ते विचारतात, तुला येते काय? कामाला घेणाराच आधी पैसे मागत असेल, तर तिथे पाऊल जपून टाकावे.

मग बहिणीनेच भूकंपाचा विषय काढला. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारला चार मिनिटे कमी. किल्लारी इथून लांब, पण सास्तूर आपल्याच जिल्ह्यातले. दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवदाची मणामणाची माती. झोपेतच माणसे गाडली गेली. सरकारी आकड्यानेच जवळपास आठ हजार गेली.

पुढे जी घरे पडली नव्हती, ती मजबूत करायची योजना आली. लातूर-उस्मानाबादच्या शेकडो गावांत बायांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमले. प्रेमा गोपालन यांची स्वयम् शिक्षण प्रयोग ही संस्था या कामात होती. बाई 2022 मध्ये गेल्या. ज्या बाया ग्रामसभेत तोंड उघडत नव्हत्या, त्या अनुदानाची यादी वाचू लागल्या, सिमेंट-वाळूचे प्रमाण गवंड्याला विचारू लागल्या. जुन्या भिंतीला आरपार भोक पाडायचे, वाकवलेली सळई घालायची, काँक्रीट भरायचे, म्हणजे भिंतीचे आतले-बाहेरचे दोन पदर एकमेकांना धरून राहतात. माळवदाची माती हलकी करायची. हे त्या इंजिनिअरांकडून शिकल्या आणि शेजारणीला सांगत राहिल्या.

26 जानेवारी 2001 ला कच्छ हादरले, तेव्हा यांतल्या बाया तिकडे गेल्या. भाषा वेगळी, पण भिंत दाखवायला भाषा फार लागत नाही. त्सुनामीनंतर तामिळनाडूतही गेल्या. 1999 मध्ये तुर्कस्तानात भूकंप झाला होता, तिथल्या बायांशीही त्यांची देवाणघेवाण झाली. यांतल्या किती जणींनी शाळा पुरी केली असेल? पण त्यांच्याजवळ सांगण्यासारखे काही होते, म्हणून त्यांना बोलावणे आले.

भाचा ऐकत होता. पटले की नाही, कळेना. “मामा, तुमचं खरं, पण इथे राहून शिकेपर्यंत पोट कोण भरणार?” म्हणाला. याला मला चटकन उत्तर सुचले नाही. पोरगा उगाच बोलत नव्हता. शेवटी एवढेच ठरले की, पैसे सध्या भरायचे नाहीत आणि शुक्रवारी शेजारच्या वस्तीतल्या गटाची बैठक आहे, तिथे जाऊन वही लिहायला बसायचे. त्या बायांना लिहिणारा हवाच होता.

कागद त्याने फाडला नाही, घडी करून परत खिशात ठेवला. बहिणीने मात्र डबा उघडला, पोत काढली आणि गळ्यात घालून चहा टाकायला आत गेली.