सड्यावरचं पाणी

पालथ्या घड्यावर पाणी. भाट्याचा पूल ओलांडून गाडी पावसच्या रस्त्याला लागली तेव्हा ही म्हण तिच्या डोक्यात येऊन बसली, आणि राजापूर आलं तरी उठली नाही. श्रावणातला दिवस होता, पण ऊन-पावसाच्या लपंडावातला नव्हे. सकाळपासून आभाळ एकसारखं गळत होतं आणि डाव्या-उजव्या काचांवरून नुसते ओघळ वाहत होते.

रत्नागिरीहून राजापूर गाठायचं तर हातखंब्यावरून महामार्गाने जाणं सोपं. तिने किनाऱ्याचा रस्ता धरला होता: पावस, पूर्णगड, गावखडी, कशेळी, आडिवरे. खाडी आली की रस्ता खाली उतरतो. नारळी-पोफळी, चिऱ्याचे गडगे, अंगणात मांडव, परसात फणस. पूल ओलांडून दोन-चार वळणं चढलं की हे सगळं एकदम नाहीसं होतं आणि सडा लागतो. जांभ्या दगडाचं उघडं पठार. झाड नाही, घर नाही, वारा अडवणारं काहीच नाही.

सड्यावर तिने गाडी बाजूला घेतली. पाऊस दगडावर आपटत होता आणि आपटल्याक्षणी उताराला लागत होता. तांबूस पाण्याचा पातळ पडदा रस्ता ओलांडून पऱ्याकडे, पऱ्यातून खाडीकडे, खाडीतून समुद्रात. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आणि याच जिल्ह्यातल्या कितीतरी वाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते. म्हण जणू इथेच, या सड्यावर उभं राहून कोणीतरी केली असावी.

पण मग तिला घड्याचा विचार पडला. घडा पालथा घालतं कोण? तो आपला आपण पालथा होत नाही. घरातली बाई तो घासते, धुते आणि उपडा घालून ठेवते, आत धूळ जाऊ नये, पाल पडू नये, उद्या त्यात चांगलं पाणी भरता यावं म्हणून. म्हणजे पालथा घडा हा उद्याच्या पाण्यासाठीच राखलेला घडा. त्याच्यावर आत्ताच कोणी पाणी ओतत असेल तर चूक घड्याची कशी? शाळेत ही म्हण मागच्या बाकावरच्या पोराला ऐकवतात. घरात ती न ऐकणाऱ्या सुनेला, मुलाला, धाकट्या भावाला ऐकवतात. बोलणारा दर वेळी पाण्याच्या बाजूचा असतो. घड्याच्या बाजूने कोणी ही म्हण वापरल्याचं तिला आठवेना, आणि ही गोष्ट तिला उगाच नाही, मनापासून लागली.

कशेळीच्या सड्यावर एक हत्ती आहे. कातळात कोरलेला, सुमारे १८ मीटर लांब, आणि त्याच्या अंगातच मासे, पक्षी, इतर प्राणी कोरलेले. कोकणातल्या अशा कातळशिल्पांच्या नऊ जागा २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेल्या. त्यांत कशेळी आहे, बारसू आहे, देवाचे गोठणे आहे. कोरणारे कोण होते, कशासाठी कोरत होते, हे कोणाला सांगता येत नाही. त्या दिवशी हत्तीच्या रेषांमध्ये पाणी भरलं होतं. सगळा सडा वाहून जात होता आणि बोट-दोन बोटं खोल त्या चरांत मात्र पाणी ठरलं होतं.

शिवाय दगडाच्या खोलगट भागांत, जेमतेम मूठभर माती होती तिथे, सीतेची आसवं फुलली होती. निळी-जांभळी, नखाएवढी. या नाजूक झाडाला मातीतून पुरेसं अन्न मिळत नाही, म्हणून ते पाण्याखाली बारीक फुगे धरतं आणि त्यांत सूक्ष्म जीव ओढून घेतं. पावसाचे तीन-चार महिने एवढंच त्याचं आयुष्य. सड्याला सरकारी कागदात पडीक म्हणतात, तेव्हा या तीन-चार महिन्यांचा हिशोब कुठे मांडलेला असतो?

आणि सडा तरी खरंच पालथा आहे का? जांभा वरून टणक दिसतो, पण त्याच्या अंगभर भोकं आणि भेगा असतात. वाहून जातं ते पाणी डोळ्यांना दिसतं. मुरतं ते दिसत नाही. मुरलेलं पाणी खाली चिकणमातीचा थर लागेपर्यंत उतरतं, तिथे अडतं, आडवं सरकतं आणि सड्याच्या पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतं. कोकणातल्या वाड्या डोंगराच्या कुशीत, सड्याच्या खाली वसल्या त्या याच झऱ्यांच्या आधाराने. घडा वरून पालथा दिसतो तो आतून पाझरता आहे. फक्त त्याला धीर नाही. माघ-फाल्गुनापर्यंत तो बहुतेक सगळं देऊन मोकळा होतो.

राजापूरजवळ उन्हाळे गावी ती मुद्दाम थांबली. राजापूरची गंगा तिथली. चौदा कुंडं, वडाखालची मूळगंगा, पलीकडे काशीकुंड. ही गंगा बारमाही नाही. साधारण तीन वर्षांनी येते असं सांगतात, काही आठवडे वाहते आणि जाते. पुष्कळदा ती ऐन उन्हाळ्यात येते, आजूबाजूच्या विहिरी तळाला गेलेल्या असताना. अलीकडे तिने हा तीन वर्षांचा नेमही सोडला आहे. मोरोपंतांनी तिच्यावर काव्य रचलं. भूगर्भाचे अभ्यासक सांगतात की जमिनीखाली एखादी पोकळी असावी, ती हळूहळू भरत राहते, आणि पाणी ठरावीक पातळीला पोचलं की वाकड्या वाटेने एकदम ओढलं जाऊन बाहेर येतं. पोकळी रिकामी झाली की प्रवाह बंद, पुन्हा भरणं सुरू.

हे पटण्यासारखं होतं, आणि तरीही ती कुंडांच्या काठावर बराच वेळ उभी राहिली. गंगा आलेली नव्हती. पाऊस मात्र कुंडांच्या पायऱ्यांवर पडत होता. कोणत्या वर्षी पडलेलं पाणी कोणत्या वर्षी वर येत असेल? मागच्या बाकावरचं पोरही असंच असेल तर? ऐकलेलं कुठेतरी खोल साठवणारं, आणि शिकवणारा निवृत्त झाल्यावर, विचारणारं कोणी नसताना, एकदम वाहू लागणारं? हा विचार तिला फार सुखाचा वाटला. इतका सुखाचा, की तिला त्याचा भरवसा वाटेना.

तो भरवसा बाहेरच्या टपरीवर आणखी कमी झाला. चहा गाळणाऱ्या आजोबांना ती म्हणाली, "किती पाणी आहे हो इथे!" ते म्हणाले, "मे महिन्यात या ताई, मग सांगा." त्यांच्या वाडीत बायका हंडे घेऊन टँकरसमोर रांग लावतात. त्या रांगेत उभं राहून झिरपण्याचं कौतुक कोणत्या तोंडाने सांगायचं? तहान लागलेल्याला घडा उताणाच हवा, भरलेला हवा.

पण उताण्या, भरलेल्या घड्याची गोष्टही याच रत्नागिरी जिल्ह्यात आहे. सह्याद्रीपलीकडे कोयनेचं धरण. त्यातलं ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेकडे आणून पोफळीला वीज करता येते. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. वीज झाली की हे पाणी, ज्याला कोयनेचं अवजल म्हणतात, वाशिष्ठीत सोडतात. थोडं पिण्याला, थोडं कारखान्यांना, बाकीचं दाभोळच्या खाडीतून समुद्रात. अवजल वापरायच्या योजनांची चर्चा कोकणात वर्षानुवर्षं चालू आहे. सड्याने पाणी सोडलं तर आपण म्हण वापरतो. एवढं अडवलेलं पाणी माणसाने सोडलं तर त्याला काय म्हणायचं?

राजापूर सोडल्यावर आतल्या रस्त्याला एक बंद पडलेली चिरेखाण दिसली. सरळ कापलेल्या तांबड्या भिंती आणि आत काठोकाठ हिरवट पाणी. अशा खाणी कोकणात जागोजाग आहेत. चिरे काढून झाले, खड्डा राहिला, पावसाने तो भरला. सड्याला उताणं करायचा हा एक मार्ग: त्याला कापायचं. काही ठिकाणी हे पाणी उन्हाळ्यात वापरात येतं, काही ठिकाणी त्यात पोरं बुडाल्याच्या बातम्या येतात. पण तिच्या मनात आलं ते वेगळंच. जांभाच काढून नेला, तर त्यातून झिरपून खाली जायचं ते पाणी आता कुठे जात असेल? पायथ्याच्या वाडीचा झरा पूर्वीपेक्षा लवकर आटतो की, खड्ड्यात तुंबलेल्या पाण्यामुळे, उलट उशिरा आटतो? हे त्या झऱ्यावर पाणी भरणाऱ्या बायकाच सांगू शकल्या असत्या. ती वाडी खाली दिसत होती, पण तिकडे उतरणाऱ्या पायवाटेवरून पऱ्या धो धो वाहत होता, आणि पाऊस ओसरायचं काही चिन्ह नव्हतं.