पुंगळ्या निवडताना

आपल्याकडे वडोदऱ्याला तूरडाळ निवडतात, टेक्सासमध्ये माझा दादा पिस्तुलाच्या रिकाम्या पुंगळ्या निवडतो. नेमबाजीच्या क्लबात सराव झाला की जमिनीवर पितळेचा सडा पडतो. परवानगी घेऊन तो गोळा करायचा, साफ करायचा आणि नवं प्रायमर, दारू व गोळी बसवून पुन्हा काडतूस बनवायचं. एकच पुंगळी अनेकदा वापरता येते, त्यामुळे सरावाचा खर्च कमी होतो. तिथे हा छंद कायदेशीर आहे. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा.

मागच्या मुक्कामात मीही दादा आणि भाच्याबरोबर निवडायला बसायचे. आधी चुंबक फिरवून पोलादी पुंगळ्या बाजूला काढायच्या. मग एकावर एक ठेवलेल्या प्लास्टिकच्या चाळण्या. सगळ्यांत वर जाड पॉइंट ४५ अडकते, खाली पॉइंट ४०, त्याखाली ९ मिमी, आणि तळाला पॉइंट ३८०. दहा मिनिटांत बादलीभर माल वेगळा होतो. मला वाटलं, झालं काम!

खरं काम तिथून पुढे. चाळणीला फक्त जाडी कळते. ९ मिमीची पुंगळी ४० च्या पोटात चपखल बसते, त्यामुळे एकीच्या आत दुसरी लपून येते. रशियन मकारोवची पुंगळी ९ मिमीच्याच चाळणीत थांबते. लांबीला जेमतेम एक मिलिमीटर कमी. चुकून एखादी ३८० ची राहिली तर ती जवळपास दोन मिलिमीटर आखूड. तिच्यात गोळी घट्ट बसत नाही. ती आत सरकली तर दाब धोक्याइतका वाढू शकतो. ४५ मध्ये तर वेगळीच गंमत: बाहेरून हुबेहूब सारख्या, पण काहींना मोठं प्रायमर लागतं, काहींना लहान. लहान खळग्यात मोठं दाबलं तर ते यंत्रातच फुटू शकतं.

म्हणून प्रत्येक पुंगळी उलटी करून बुडावरची अक्षरं वाचायची. हजार असोत की दोन हजार. पंधरा वर्षांचा भाचा, ज्याला एरवी फोन पाच मिनिटं सोडवत नाही, तो हे काम तासभर न बोलता करतो. दादाचा नियम कडक आहे: गप्पा सुरू झाल्या की हात थांबवायचे.

वहिनीचा नियम त्याहून कडक. प्रायमरच्या जळक्या काजळीत शिसं असतं, म्हणून हे सगळं गॅरेजमध्येच. स्वयंपाकघरातली परात मागायची नाही, आणि साबणाने हात धुतल्याशिवाय चहाच्या कपालाही हात लावायचा नाही. मला ते पटलं.

निघायच्या आदल्या दिवशी भाच्याने एक घासूनपुसून लख्ख केलेली पुंगळी आणली. "आत्या, आठवण म्हणून घेऊन जा." दादाने ती लगेच काढून घेतली. रिकामी असली तरी भारतातल्या विमानतळावर ती सामानात सापडली तर पोलिसांपर्यंत प्रकरण जाऊ शकतं. मग भाच्याने तिचा फोटो काढून मला पाठवला, बुडावरची अक्षरं नीट दिसतील असा.