शेवटचे पाच लिटर

देवगाव रंगारीत काळी गाडी घेतली की बोअरचं पाणी काय चीज आहे ते लवकर कळतं. सकाळी गाडी धुवावी, तर ऊन चढेपर्यंत टपावर आणि बॉनेटवर पांढरे गोल ठिपके उमटलेले असतात. ओल्या फडक्याने पुसले की गेल्यासारखे वाटतात, वाळले की पुन्हा तिथेच.

आल्याच्या प्लॉटात ठिबक असलेल्याला हे डाग कशाचे ते सांगावं लागत नाही. ड्रिपरच्या तोंडाशी जमतो तोच हा थर. आमच्या कन्नड तालुक्यात जमिनीखाली काळा पाषाण. त्याच्या भेगांतून झिरपताना पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम, सिलिका सोबत घेतं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. ठिबकाला चोकअप आला तर आपण ॲसिड सोडतो, पण गाडीच्या रंगावर ते कसं सोडणार? पाण्यात मिसळलेल्या व्हिनेगरने ताजा डाग बराचसा निघतो. सिलिकाचा मात्र त्याला दाद देत नाही, आणि उन्हात तापत राहिला तर रंगावरच्या पारदर्शक थरात रुतून बसतो.

पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर घेतला तेव्हा सगळं स्पष्ट झालं. टीडीएस हजार म्हणजे लिटरमागे १ ग्रॅम क्षार. म्हणजे गाडी कुठल्या पाण्याने धुतली याला फारसं महत्त्व नाही, अंगावर राहून वाळतं ते शेवटचं पाणी कुठलं, यावर सगळं ठरतं. माती, चिखल, साबण बोअरच्या पाण्याने खुशाल काढावा. अखेरची धार तेवढी स्वच्छ हवी, आणि तिला पाच लिटर पुरतात.

पिण्याला चांगलं ते गाडीलाही चांगलं, असं मात्र नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, टीडीएस ५०० पर्यंत असावा आणि दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत चालतो, असं आहे. गाडीवर तीनशेचं पाणीही डाग सोडतं. घरच्या आरओत चवीसाठी थोडं मूळ पाणी मिसळायची सोय असेल, तर ते पाणीही इथे कामाचं नाही. सॉफ्टनर कॅल्शियमच्या जागी सोडियम घालतो. डाग सहज पुसला जातो, पण पडतोच.

म्हणून मी आरओ प्लांटचं जारचं पाणी आणलं. आमच्या आबांनी पाहिलं आणि जागीच थांबवलं. “प्यायचं पाणी गाडीवर ओततो का रे?” ७२ चा दुष्काळ पाहिलेला माणूस. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, ते तर मीही विसरलेलो नाही. आरओचं एक लिटर मिळवायला दोन-तीन लिटर वाया जातं, हे धरलं तर आबांचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं.

मग स्लॅबवरचं पावसाचं पाणी. एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर होतो; एका चांगल्या सरीत ड्रम भरतो. पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडायचं, त्यात वर्षभराची धूळ असते. नंतरचं दुहेरी कापडातून गाळून झाकणाच्या ड्रममध्ये. मीटरवर आकडा विसाच्या आत-बाहेर.

गाडी सावलीत, पत्रा गार झाल्यावर धुवायची. आरशाच्या खाचा आणि दारांच्या मुठी आधी फडक्याने टिपायच्या, कारण तिथे दडलेलं बोअरचं पाणी मागाहून ओघळतं आणि सगळी मेहनत वाया घालवतं. मग ड्रममधलं पाणी हातपंपाच्या फवाऱ्याने टपापासून खाली. फवारा नवाच घ्यावा, औषध मारलेला अजिबात नको. पाणी थेंबाथेंबांनी बसलेलं असतं, ते नवं पाणी पडताच एकत्र होऊन पडद्यासारखं खाली सरकतं. काचेवर हे फार छान दिसतं. राहिलेले थेंब तसेच वाळू दिले तरी काळ्या रंगावर खूण राहत नाही. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी गाडीभोवती फिरून प्रत्येक दार उजेडात निरखलं होतं.

काही जण एसीचं पाणी साठवायला सांगतात. त्यात क्षार जवळपास नसतात, कारण हवेतली वाफ थंड होऊन थेंब झालेले असतात. पण आपल्या कोरड्या उन्हाळ्यात एसीतून पाणी निघतंच कितीसं? टँकर सुरू झाले की मी नळी गुंडाळून ठेवतो. अर्धी बादली पाणी, दोन मऊ फडकी, आणि ओलं असतानाच लगेच कोरडं पुसणं, एवढ्यावर मे महिना निघतो. यंदा पावसाआधी दुसरा ड्रम जोडायचा आहे, आणि पहिलं पाणी बाहेर सोडायला पाइपात तोटी बसवायची आहे.